जहाजाच्या पोटातून जाणारा रस्ता

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जाणारं जहाज दक्षिणेला जातच नाही! ते वेलिंग्टनहून निघतं, पिक्टनला पोचतं, आणि ही दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत: ४१ अंश १७ मिनिटं दक्षिण. मी रत्नागिरीत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवते आहे. ‘उत्तर बेट, दक्षिण बेट, मध्ये कुकची सामुद्रधुनी’ हे किती वर्गांसाठी फळ्यावर लिहिलं, त्याची मोजदाद नाही. पण नकाशावर आडवी पट्टी ठेवून हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते यंदाच्या आषाढात, रात्री साडेअकराला, जेवणाच्या टेबलावर. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. मी नवऱ्याला उठवून आणलं, म्हटलं, पट्टी धर आणि तूच बघ. त्याने चष्मा लावला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, “अगं, म्हणजे हे सरळ पश्चिमेला जातं की!” पश्चिमेला! दक्षिण बेटाचं वरचं टोक तर वेलिंग्टनच्याही उत्तरेला चढलेलं आहे. त्या रात्री आम्ही दोघं दीड वाजेपर्यंत जागे होतो.

सुरुवात भाच्यापासून झाली. ताईचा मुलगा चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी ऑकलंडला गेला. यंदा त्याने आईवडिलांना आणि आम्हा दोघांना दिवाळीनंतर याच म्हणून धोशा लावला. त्याची स्वतःची रजा जेमतेम चार दिवसांची. त्याने सुचवलेला बेत सुटसुटीत होता: ऑकलंडला त्याच्याकडे राहायचं, मग विमानाने क्वीन्सटाउन, तिथून बसने एक-दोन ठिकाणं, परत विमान. आपल्याकडची बरीच मंडळी असंच करतात. मीही ‘बरं’ म्हटलं होतं. मग एका संध्याकाळी चहा पिताना भावोजी म्हणाले, “विमान कशाला? मधे रस्ता नाही का?”

भावोजी एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. आंबा घाट, कुंभार्ली घाट त्यांना घरच्या जिन्यासारखे पाठ. मी म्हटलं, भावोजी, मधे समुद्र आहे. ते म्हणाले, “पाणी दाभोळलाही आहे.”

झालं! त्या एका वाक्याने सगळं फिरलं. कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. गुहागरकडे जाताना दाभोळला आपण गाडी जंगलजेटीवर चढवतो, वाशिष्ठीची खाडी ओलांडतो आणि धोपाव्याला उतरतो. गाडीतून उतरून कठड्याला टेकावं, खारा वारा खावा, तोवर पलीकडचा धक्का आलेला असतो. जयगडला तसंच, बाणकोटच्या खाडीत तसंच. मी हे वर्षानुवर्षं केलंय. पण दोन मोठ्या बेटांमधला खवळता समुद्र अशाच रीतीने, भाड्याच्या गाडीसकट, गाडीत आपल्या बॅगा तशाच ठेवून ओलांडता येईल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. येतं! वेलिंग्टन ते पिक्टन, ९२ किलोमीटर, साधारण साडेतीन तास. इंटरआयलंडर आणि ब्लूब्रिज अशा दोन कंपन्यांची जहाजं रोज ये-जा करतात. जहाजाचा मागचा दरवाजा उघडतो, आत एका मजल्यावर एक असे गाड्यांचे कप्पे असतात, कामगार हाताने खुणा करत तुमची गाडी इंचाइंचाने जागेवर लावतात, आणि मग तुम्ही जिना चढून वर माणसांच्या मजल्यावर जायचं. प्रवास चालू असताना गाडीत बसून राहायला परवानगी नसते. पिक्टन जवळ आलं की घोषणा होते, सगळे खाली उतरतात, आपापल्या गाडीत बसतात, समोरचा दरवाजा उघडतो, उजेड आत येतो आणि तुम्ही दक्षिण बेटावर गाडी चालवत बाहेर पडता. हे माझं मनात इतक्या वेळा करून झालंय की तो उजेड मला दिसायला लागलाय.

या रस्त्याला नंबरही एकच आहे. स्टेट हायवे १. उत्तर बेटाच्या वरच्या टोकाला केप रिंगापासून तो सुरू होतो आणि दक्षिण बेटाच्या तळाला ब्लफ गावी संपतो. मधे समुद्र येतो म्हणून नंबर बदललेला नाही. वेलिंग्टनला तुटलेला हायवे १ पिक्टनला जहाजातून उतरल्या उतरल्या पुन्हा हायवे १ म्हणूनच पुढे निघतो. आणि १९६२ साली या मार्गावर जे मोठं जहाज सुरू झालं, ज्यात मोटारींबरोबर रेल्वेचे डबेही रुळांवरून आत शिरत, त्याचं नाव होतं ‘अरामोआना’. माओरी भाषेत ‘आरा’ म्हणजे वाट आणि ‘मोआना’ म्हणजे समुद्र. समुद्रवाट! नाव ठेवणाऱ्याला जे नेमकं म्हणायचं होतं, ते मला साठ वर्षांनी रत्नागिरीत बसून पोचलं.

वर्गात सामुद्रधुनीची व्याख्या आम्ही अशी शिकवतो: दोन मोठ्या जलाशयांना जोडणारा पाण्याचा चिंचोळा पट्टा. जोडणारा. पण नकाशा बघताना आपल्या मनात मात्र ती दोन जमिनींना तोडणारी रेघ असते. मी स्वतः ती रेघ तशीच काढत आले. आता बेत आखायला बसले तर कळलं की ही सामुद्रधुनी सहलीच्या मधला अडथळा नाही, ती सहलीचा गाभा आहे. तिच्यावरून विमानाने उडी मारायची म्हणजे आंबा घाट झोपेत उतरण्यासारखं आहे.

किती गोष्टी दडल्यात त्या पाण्यात! माओरी सांगतात, उत्तर बेट म्हणजे माउईने समुद्रातून ओढून काढलेला मासा, ‘ते इका-आ-माउई’. दक्षिण बेट म्हणजे तो ज्या होडीत बसला होता ती होडी. आणि अगदी खालचं छोटं स्ट्यूअर्ट बेट म्हणजे त्या होडीचा नांगर. आता नकाशा उलटा धरून बघा, मासा दिसतोच. वेलिंग्टन त्या माशाच्या डोक्याशी आहे. म्हणजे आम्ही चौघं माशाच्या शेपटीकडून त्याच्या पाठीवरून गाडी हाकत डोक्यापर्यंत येणार आणि तिथून होडीत उतरणार. याहून सुंदर प्रवासमार्ग कुणी आखून दिला असता का? दुसरी कथा कुपे या दर्यावर्दीची. त्याने एका प्रचंड ऑक्टोपसचा पाठलाग करत पॅसिफिक ओलांडला आणि याच सामुद्रधुनीत, आज जहाजं जिथून आत वळतात त्या टोरी चॅनलच्या तोंडाशी, त्याला ठार केलं.

युरोपातून आलेल्यांना मात्र ही सामुद्रधुनी लवकर सापडली नाही. आबेल तास्मान १६४२च्या डिसेंबरात इथवर आला, वादळात अडकला, आणि हे आखात असावं असं धरून निघून गेला. खरी गोष्ट उलगडली ती सव्वाशेहून अधिक वर्षांनी. जानेवारी १७७०मध्ये जेम्स कुक आरापाओआ बेटावरच्या एका टेकडीवर चढला, पूर्वेकडे पाहिलं, आणि त्याला पलीकडचा मोकळा समुद्र दिसला. आमचं जहाज त्याच आरापाओआ बेटाला खेटून आत जाणार आहे. मी ती टेकडी कोणती हे ओळखण्याचा प्रयत्न करणार आहे. भूगोलाच्या शिक्षकाने तेवढं करायलाच हवं.

पेलोरस जॅकची गोष्ट वाचली तेव्हा ताईला फोन केल्याशिवाय राहवेना. हा एक डॉल्फिन होता. इथून जवळच, नेल्सनकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर, १८८८पासून १९१२पर्यंत तो जहाजांना सोबत करायचा. पुढे पुढे पोहत राहायचा, माणसं डेकवर त्याला बघायला गर्दी करायची. १९०४ साली त्याला इजा करू नये म्हणून सरकारने खास हुकूम काढला. एका डॉल्फिनसाठी कायद्याचं संरक्षण! ताई म्हणाली, “तो आता कुठला असायला. पण आपण डेकवरच उभं राहायचं हं, आत बसायचं नाही.” ठरलं.

आपलाही एक माणूस या पाण्यातून गेलेला आहे. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये ही सामुद्रधुनी पोहून पार केली आणि जगातल्या सात अवघड सागरी पट्ट्यांचं ‘ओशन्स सेव्हन’ हे आव्हान पूर्ण करणारे ते पहिले आशियाई जलतरणपटू ठरले. तिचं सगळ्यात अरुंद अंतर २२-२३ किलोमीटर. पण अंतरावर जाऊ नका. एका बाजूला भरती असते तेव्हा दुसऱ्या बाजूला जवळजवळ ओहोटी असते, त्यामुळे पाणी सतत इकडून तिकडे ओढलं जातं. वर पश्चिमेकडून येणारे गर्जणाऱ्या चाळिशीतले वारे दोन बेटांच्या डोंगरांमधल्या या फटीत कोंडतात आणि जोर धरतात. ‘गर्जणारे चाळीस’ हे मी दरवर्षी सातवीला, आठवीला सांगते. आता त्या वाऱ्यात उभी राहणार!

वाऱ्यावरून कामाचं सांगते. हवा फार बिघडली की फेऱ्या रद्द होतात. म्हणून आम्ही फेरीनंतरचा दिवस मोकळा ठेवलाय आणि तिकीट बदलता येईल असं काढलंय, थोडे पैसे जास्त गेले तरी. गाडीवाल्यांनी जहाज सुटायच्या तासभर आधी रांगेत हजर असायला हवं, म्हणून आदली रात्र वेलिंग्टनमध्येच. तिकीट काढताना गाडीची लांबी विचारतात. आणि ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी जहाजात बसण्याआधी घ्यायची, पोटात ढवळायला लागल्यावर नव्हे. ताईला लागते.

आता गाडी. इथे मी आठवडाभर अडकले होते आणि इथेच सगळ्यात जास्त शिकले. भाड्याच्या गाडीचे दोन प्रकार पडतात. काही कंपन्या तीच गाडी जहाजावर न्यायला देतात. काही देत नाहीत: त्यांची गाडी वेलिंग्टनच्या धक्क्याशी परत करायची, सामान घेऊन चालत जहाजात चढायचं आणि पिक्टनला त्याच कंपनीची दुसरी गाडी घ्यायची. दुसऱ्या प्रकारात जहाजाचं भाडं बरंच वाचतं, कारण गाडीचं तिकीट काढावं लागत नाही. हिशेबाने तोच बेत बरा. नवऱ्याने वहीत दोन रकाने आखून तसं दाखवूनही दिलं. पण आमच्याबरोबर चार बॅगा, ताईचा गुडघा आणि भावोजींची इच्छा. भावोजींना गाडी जहाजात घालायची आहे. एकतीस वर्षं सरकारी बस चालवलेल्या माणसाला स्वतः निवडलेली गाडी जहाजात चढवायची आहे, यावर आमच्या घरात मतदान झालं नाही.

पण मग गाडी जहाजावर नेता येते का, हे नक्की विचारायला हवं होतं. पहिल्यांदा मी जिथे नोंदणी केली, तिथे दिसायला दर फारच छान होता. शेवटच्या पानावर मात्र ऑकलंडला घेऊन दुसऱ्या बेटावर सोडण्याचा वेगळा आकार, दुसऱ्या ड्रायव्हरचा वेगळा आकार, आणि जहाजाबद्दल चकार शब्द नाही. ती नोंदणी रद्द केली. दुसऱ्या एका कंपनीला सरळ फोन करायचं ठरवलं. तिकडची वेळ या दिवसांत आपल्यापुढे साडेसहा तास. म्हणजे तिथे सकाळी नऊला ऑफिस उघडतं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच. गजर लावून उठले. पलीकडची मुलगी इतक्या शांतपणे सगळं सांगत होती! गाडी जहाजावर चालेल, करारात तशी नोंद करू, दोघं ड्रायव्हर असाल तर दोघांची नावं आणि लायसन्स आत्ताच द्या, डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं हवं. मग विम्याचं समजावलं. गाडीला काही झालं तर ठरावीक रकमेपर्यंतचा भुर्दंड आपला, त्यापुढचा विम्याचा. रोजचे थोडे पैसे जास्त भरले की तो आपला वाटा शून्यावर आणता येतो. आम्ही तो शून्यावर आणला. अनोळखी देशात खडी उडून काच तडकली तरी झोप उडायला नको. आणि कंपन्यांच्या करारात काही रस्ते वर्ज्य असतात, तिथे विमाच लागू नसतो. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्सचा रस्ता आणि उत्तरेचा नाइन्टी माइल बीच ही नावं त्यात हमखास. करार वाचा, सगळा वाचा.

फोन ठेवला तेव्हा तीन वाजले होते. मी चहा टाकला.

तिथेही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, स्टिअरिंग उजवीकडे. आपलं इंग्रजीतलं लायसन्स तिथे चालतं. तरी आम्ही रत्नागिरीच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवानाही काढला, एक वर्षाचा मिळतो. भावोजींनी तिथल्या वाहतुकीचे नियम इतके मन लावून वाचलेत की आता ते आमची परीक्षा घेतात. एकेरी पुलांचं त्यांना फार कौतुक. तिकडे हायवेवरसुद्धा एकच गाडी जाईल असे पूल आहेत. गोल लाल चौकटीत तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. निळ्या पाटीवर तुमच्या दिशेचा पांढरा बाण मोठा असेल तर हक्क तुमचा. भावोजी म्हणाले, “बघ, पुलावर कोण आधी याची भांडणंच नाहीत. पाटीनेच मिटवलं.” मोकळ्या रस्त्यावर १०० किलोमीटरची मर्यादा, वस्तीत ५०. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असा आकडा असतो, त्या वळणाला तेवढाच वेग. मागे गाड्या तुंबल्या तर बाजूला घेऊन वाट द्यायची. भावोजींचा स्वतःचा एक नियम आहे आणि तो आम्ही सगळ्यात वर लिहिलाय: विमानातून उतरल्या दिवशी कुणीही गाडीला हात लावायचा नाही. सिंगापूरमार्गे रात्र-दिवस प्रवास करून आलेला माणूस डोळे उघडे ठेवून झोपलेला असतो, असं ते म्हणतात, आणि त्यांनी रातराणीच्या खेपा केल्यात.

उत्तर बेटाचा बेत पटकन सांगते. ऑकलंडहून वायटोमो, तिथल्या गुहेच्या छताला चिकटलेले काजव्यासारखे किडे अंधारात निळे चमकतात. मग रोटोरुआ, जमिनीतून वाफ येते ते गाव. मग टाउपो सरोवर, ६१६ चौरस किलोमीटर. हे सरोवर म्हणजे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या एका महास्फोटाने पडलेला खड्डा आहे, आणि आम्ही त्याच्या काठाने आरामात गाडी चालवत जाणार. टाउपोच्या पुढे हायवे १ ज्या उजाड माळावरून जातो त्याला डेझर्ट रोड म्हणतात. उजव्या हाताला २,७९७ मीटर उंचीचा रुआपेहू, जिवंत ज्वालामुखी, नोव्हेंबरातही माथ्यावर बर्फ. या डोंगरांची एक गोष्ट मला फार लागून राहिली. १८८७ साली तुफारेतोआ टोळीचे प्रमुख ते हेउहेउ तुकिनो चौथे यांनी टोंगारिरो परिसरातली ही पवित्र शिखरं तुकडे पडून विकली जाऊ नयेत म्हणून राष्ट्राला दान दिली. त्यातून न्यूझीलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान उभं राहिलं. ज्याला आपण देव मानतो तो डोंगर वाचवायचा म्हणून सगळ्यांचा करून टाकायचा! सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाने हे वाचून काही वेळ गप्पच बसावं.

आणि मग तो दिवस. वेलिंग्टनचा धक्का, रांग, जहाजाचं पोट, उघडा समुद्र, आणि शेवटचा तास. हा शेवटचा तास मी सगळ्यात जास्त वेळा वाचलाय. टोरी चॅनलच्या अरुंद तोंडातून जहाज आत शिरतं आणि एकदम पाणी शांत होतं. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले. मार्लबरो साउंड्स म्हणजे बुडालेल्या दऱ्या: जमीन खचली, समुद्र आत चढला, आणि जिथे नद्या वाहत होत्या तिथे आज जहाजं चालतात. जयगडच्या खाडीत भरतीच्या वेळी शिरावं तसं, पण तासभर, वळणावर वळण घेत. याच चॅनलच्या काठावर १९६४पर्यंत देवमाशांच्या शिकारीचं केंद्र होतं. न्यूझीलंडमधली ती शेवटची शिकार.

ते वाचूनच मी पुढचा मुक्काम पक्का केला: कायकोरा. पिक्टनहून हायवे १ ब्लेनहाइमच्या द्राक्षमळ्यांतून खाली येतो आणि मग डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मधे रस्ता आणि रेल्वे, एवढीच जागा उरते. माओरीत ‘काय’ म्हणजे अन्न आणि ‘कोरा’ म्हणजे शेवंड. नावच ‘शेवंड खा’! आमच्या रत्नागिरीच्या माणसांना हे गाव परकं वाटणं शक्य आहे का? किनाऱ्यापासून अगदी जवळ समुद्रतळाला खोल दरी आहे, हजार मीटरहून खोल, म्हणून स्पर्म व्हेल वर्षभर इथे चरायला येतात. १९८७ साली इथल्या माओरी लोकांनी देवमासे दाखवण्याचा धंदा सुरू केला. एका किनाऱ्यावर १९६४ साली शेवटचा भाला थांबला आणि तिथून काही तासांच्या वाटेवर तेवीस वर्षांनी लोक देवमाशांना नुसतं बघायला तिकीट काढू लागले.

हाच रस्ता १४ नोव्हेंबर २०१६च्या मध्यरात्री ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने गाडला गेला. डोंगर खाली आले, रूळ समुद्राकडे ढकलले गेले, समुद्रतळ काही ठिकाणी काही मीटर वर उचलला गेला. पिक्टन-ख्राइस्टचर्चची वाहतूक वर्षभर लुइस पासच्या लांबच्या वाटेने फिरवावी लागली. १५ डिसेंबर २०१७ला रस्ता पुन्हा सुरू झाला. कोकण रेल्वेच्या दरडी आणि घाटातल्या दरडी पाहत मोठं झालेल्या आम्हाला त्या तेरा महिन्यांचं मोल कळतं. भावोजी म्हणाले, ओहाऊ पॉइंटला गाडी थांबवू. तिथे खडकांवर सील पहुडलेले असतात. त्यांना सील बघायचेत हे खरं, पण मला माहीत आहे, ते आधी डोंगराला टाकलेल्या जाळ्या बघणार आहेत.

तिथून पुढे ख्राइस्टचर्च, टेकापो, पुकाकी सरोवराच्या काठाने आओराकी, म्हणजे माउंट कुक, ३,७२४ मीटर. ही सरोवरं अशी दुधाळ निळी का दिसतात, तर हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात तरंगत असतं, ते उजेड पसरवतं. टेकापोचा परिसर २०१२पासून अंधारं आकाश राखण्याचं क्षेत्र आहे, तिथे एक रात्र केवळ आकाशासाठी. आपल्याला न दिसणारे मॅगेलनचे मेघ तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसतात! शेवट क्वीन्सटाउनला, गाडी तिथेच परत. पश्चिम किनारा सोडला. मिलफर्डही सोडलं. सोळा दिवसांत सगळं कोंबलं तर काहीच बघून होत नाही, आणि दिवसाला चार तासांहून जास्त गाडी नाही ही ताईची अट मला शंभर टक्के पटते.

खाऊचं एक सांगून ठेवते, कारण आपल्याकडे ते शेवटच्या रात्री आठवतं. खाण्याची कुठलीही वस्तू असेल तर विमानतळावर जाहीर करायची. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध, ताजी फळं, बी-बियाणं न्यायचंच नाही. त्यांच्या बेटांवर दुसरीकडची कीड येऊ नये म्हणून हे आहे, आणि योग्यच आहे. ताईने मेतकूट आणि पोह्याचे पापड घेतलेत, त्यांची यादी इंग्रजीत लिहून पाकिटावर चिकटवलीय.

आमचं जहाज सकाळचं आहे. वेलिंग्टन ते पिक्टन, चार माणसं, एक गाडी, तिकीट माझ्या पर्समध्ये आहे. तुम्ही जाणार असाल तर विमानाच्या तिकिटाबरोबरच जहाजाचं तिकीट बघा, गाडी आणि मुक्काम त्या तारखेवरून मागे-पुढे लावा. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत माणसांना जहाजात जागा मिळून जाते, गाड्यांचे कप्पे आधी भरतात.